समास

भिंतीला रंग देणे कोणालाही जमते. रंग जेथे थांबायला हवा तेथे त्याला थांबवणे मात्र फार थोड्यांना साधते. वयाची छप्पन्न वर्षे आणि शासकीय विद्यालयातील तीस वर्षांची नोकरी एवढ्या अवकाशानंतर हे ज्ञान आम्हास प्राप्त झाले. आणि तेही ग्रंथालयात नव्हे, तर आमच्याच घराच्या ओसरीत, हातात दोन इंची ब्रश आणि अंगावर जुना लेंगा अशा अवस्थेत.

आपल्या भाषेने कडेसाठी किती शब्द करून ठेवले आहेत! लुगड्याला काठ असतो, नदीलाही काठच असतो. शेताला बांध, गावाला शीव, शस्त्राला धार, पदराला किनार; आणि वहीच्या पानाला समास. आमच्या विद्यालयातील मुले हिंदी माध्यमाची, ती पानावर 'हाशिया' सोडतात. आमच्या लहानपणी घरी वडील मात्र 'समास सोडा' असे बजावीत. पानाच्या डाव्या अंगास दोन बोटे जागा ठेवून उभी रेघ ओढायची, तो समास. पुढे व्याकरण शिकू लागलो तेव्हा हाच शब्द निराळ्या वेशात भेटला. दोन शब्द जवळ येऊन त्यांचा एक होतो, तोही समासच. वेगळे ठेवणारी रेघ समास आणि एकत्र आणणारा नियमही समास, हे कसे, असे आम्ही एम.ए.च्या वर्गात एकदा विचारले होते. 'हे परीक्षेला येत नाही,' असे उत्तर मिळाले. त्या उत्तराने आमचे तेव्हा पूर्ण समाधान झाले होते.

आमचे घर इंदूरच्या जुन्या वस्तीत आहे. वडिलांनी ते १९६८ साली बांधले. विटांच्या भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा आणि दर दोन दिवाळ्यांनी चुन्यात पिवडी व सरस कालवून मारलेला कुंच्याचा हात, एवढाच त्या घराचा शृंगार. वडिलांच्या पश्चात, २०१७ मध्ये, आम्हा दोघा भावांत वाटणी झाली. पूर्वेकडील अंग दादांकडे, पश्चिमेकडील आमच्याकडे. पुढची ओसरी मात्र कापता येण्याजोगी नव्हती, कारण दोन्ही घरांची दारे तिच्यातच उघडतात. तेव्हा जमीन सामाईक राहिली आणि भिंतीबाबत असे ठरले, की दोन दारांच्या चौकटींमधील भिंतीच्या मध्यावर एक उभी रेषा धरावी आणि ज्याने त्याने आपापल्या बाजूची निगा राखावी. कागदावर ही रेषा फार सोपी दिसते.

पुढच्या वर्षी, २०१८ च्या दिवाळीला, दादांनी आपल्या बाजूस आकाशी रंग दिला. तो देणारा रंगारी घाईचा असावा. छतापाशी त्याची कड चांगली सव्वा इंच आमच्या हद्दीत आली होती. ज्याचा जन्म वह्यांचे समास तपासण्यात गेला त्याच्या दृष्टीतून अशी गोष्ट सुटत नाही. परंतु आम्ही बोललो नाही. विजेच्या मीटरावरून उभयतांत काही शब्द झाले होते, आणि तेव्हापासून निरोप मुलांमार्फत पाठवण्याचा एक सोयीस्कर प्रघात दोन्ही घरांत पडला होता. सव्वा इंचासाठी मुलांना मध्ये घालणे आम्हास प्रशस्त वाटले नाही. तो सव्वा इंच आम्ही मनातच सांभाळून ठेवला.

आई मात्र कोणाच्याच वाटणीला आली नाही. ती सकाळी दादांकडे जेवी, रात्री आमच्याकडे, आणि उरलेला दिवस ओसरीत बसे. आपली वेताची खुर्ची तिने बरोबर त्या रेषेवर मांडून घेतली होती. मागे भिंतीला डोके टेकून ती पोथी वाचे, भाजी निवडी, आणि पुष्कळदा नुसतीच बसून राही. तिच्या केसांतील खोबरेल तेलाचा एक बशीएवढा डाग भिंतीवर पडला होता; निम्मा आकाशी रंगात, निम्मा आमच्या पिवडीत. २०२३ च्या पावसाळ्यात आई गेली. खुर्ची माळ्यावर गेली. डाग तेवढा राहिला.

या वर्षी माघात आमच्या कन्येचा साखरपुडा घरीच करावयाचा ठरला. व्याही मंडळी ओसरीतूनच आत येणार आणि आमच्या बाजूस चुन्याचे पापुद्रे सुटलेले. 'निदान भिंतीची तरी लाज राखा,' असे आमच्या कुटुंबाने सुनावले, तेव्हा आम्ही उस्तादांना बोलावले. वडिलांच्या वेळेपासून आमच्या घराचे रंगकाम त्यांच्याकडेच असे. आता सत्तरीच्या पलीकडे गेले आहेत. शिडीवर त्यांची मुले चढतात आणि ते खाली बसून नजरेने काम करतात.

खोल्यांचे काम चालू असता आम्ही त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसत असू. कडेचे काम कसे करावे, हे तेथे प्रथम समजले. आधी छत, मागून भिंत. ब्रश रंगात तिसरा हिस्साच बुडवायचा. तो डब्याच्या काठावर पुसायचा नाही, आतल्या अंगाला हलकेच आपटायचा. रंग एकदम कडेवर न टेकवता बोटभर अलीकडे टेकवायचा आणि मग ब्रशाची केसे किंचित दाबून, पसरलेल्या टोकाने, तो कडेपर्यंत नेत एक लांब ओढ घ्यायची. कडेचा रंग ओला आहे तोवरच मधली भिंत रोलरने भरायची, म्हणजे दोन रंगकामांचा सांधा दिसत नाही. आणखी एक गोष्ट अशी, की जुन्या घरात छत आणि भिंत यांचा कोपरा कधीच सरळ नसतो. त्या कोपऱ्याच्या मागे लागाल तर रेषाही त्याच्यासारखीच नागमोडी होईल. म्हणून छताचा पांढरा रंग बोटभर खाली भिंतीवर उतरवायचा आणि तेथे सुताने रेषा धरायची. पाहणारा रेषा पाहतो, कोपरा पाहत नाही. आम्ही एकदा ब्रश मागून घेतला तेव्हा उस्ताद एवढेच म्हणाले, "साहब, बीच में छींक मत देना।"

खोल्या झाल्या. ओसरीत आमच्या बाजूचा चुना खरवडून प्रायमर लावून झाला. एवढ्यात उस्तादांना लग्नसराईचे दुसरे काम लागले. 'रेषेला हात लावू नका, ती मी येऊन करीन,' असे सांगून ते तीन दिवसांसाठी गेले. परंतु तोपर्यंत आम्ही मोबाईलवर या विषयाच्या पाच-सहा चित्रफिती पाहिल्या होत्या आणि माणसास एवढे शिक्षण धोक्यात घालण्यास पुरे असते. रविवारी दुपारी आम्ही बाजारातून कागदी चिकटपट्टी आणली, ती दादांच्या आकाशी कडेवर वरपासून खालपर्यंत चिकटवली, आणि आमच्या बाजूस मोतिया रंगाचे दोन हात देऊन समाधानाने झोपलो. रंग पुरता वाळू द्यावा, हा विचार आम्हास शहाणपणाचा वाटला होता.

सकाळी पट्टी ओढली ती आपल्याबरोबर दादांची भिंत घेऊन आली. चार बोटे रुंद आणि हातभर लांब असा आकाशी रंगाचा पापुद्रा पट्टीला चिकटून आमच्या हातात लोंबू लागला आणि भिंतीवर खालचा पांढरा चुना उघडा पडला. जेथे पापुद्रा सुटला नव्हता तेथे आमचा मोतिया रंग पट्टीखालून झिरपून आकाशीवर करवतीच्या दातांसारखा उमटला होता. म्हणजे सात वर्षे ज्या अतिक्रमणाबद्दल आम्ही मनात कुढत होतो तेच आम्ही एका रात्रीत, आणि दातओठ खाऊन, करून दाखवले होते.

या चिकटपट्टीचा इतिहास आम्ही मागाहून वाचला. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत दुरंगी मोटारींची आवड निर्माण झाली. दोन रंगांची कड साधण्यासाठी कारागीर एक बाजू कागद आणि चिकट पट्ट्या लावून झाकीत, आणि त्या ओढताना खालचा नवा रंग निघून येई. थ्री एम कंपनीचा रिचर्ड ड्रू नावाचा तरुण आपल्या कंपनीचा रेगमाल तपासून घेण्यासाठी अशा एका कारखान्यात गेला होता. तेथील कारागिरांचा त्रागा पाहून तो या प्रश्नाच्या मागे लागला आणि १९२५ साली त्याने हवी तेवढीच चिकटणारी आणि सांगितल्यावर सुटणारी पट्टी तयार केली. आमच्यावर आलेला प्रसंग शंभर वर्षांपूर्वी दुसऱ्यांवर येऊन गेला होता, हे वाचून थोडा धीर आला. फरक एवढाच, की मोटारीला थोरला भाऊ नसतो.

दादांच्या दारापर्यंत आमच्या दारापासून सात पावले आहेत. ती चालायला आम्हास सकाळचे दहा वाजले.

"दादा, तुमचा रंग निघाला," आम्ही म्हणालो.

"पाहिला सकाळीच. पट्टी रात्रभर ठेवलीस?"

"हो."

"शहाणा आहेस."

एवढे बोलून दादा आत गेले. विषय संपला असे समजून आम्ही वळणार, तोच ते बाहेर आले. एका हातात २०१८ च्या रंगाच्या डब्याचे झाकण होते, त्यावर रंगाचा नंबर लिहून ठेवलेला. दुसऱ्या हातात पितळी ओळंबा होता. दादांची हयात सरकारी बांधकाम खात्यात गेली. असल्या वस्तू त्यांच्याकडे जपलेल्या असतात.

दुकानातील यंत्राने झाकणावरील नंबरावरून लिटरभर आकाशी रंग करून दिला. तो आम्ही त्यांच्या स्कूटरवर मागे बसून, डबा मांडीवर धरून, घरी आणला. मग दादा स्टुलावर चढले. छतापासून त्यांनी ओळंबा सोडला. तो हेलकावे खाऊन स्थिर होईपर्यंत कोणी बोलले नाही.

"वर माझी कड सव्वा इंच तुझ्याकडे आली आहे," त्यांनी टेप लावून सांगितले.

"ठाऊक आहे."

"मग बोलला नाहीस ते?"

आम्ही उत्तर दिले नाही. दादा स्टुलावरून उतरले, गुडघ्यावर बसले आणि जमिनीपाशी माप घेतले. तेथे तीच कड ओळंब्यापासून सव्वा इंच त्यांच्या अंगास सरकलेली होती. रेषा आमच्याकडे आलेली नव्हती. ती केवळ तिरपी होती. वर जेवढे त्यांनी घेतले होते तेवढेच खाली आम्हास मिळालेले होते. या सर्व वर्षांत आम्ही मान वर करून कितीदा तरी पाहिले होते. खाली एकदाही पाहिले नव्हते.

ओळंब्याने दिशा मिळते, पण भिंतीवर रेषा उमटवण्यासाठी सूत लागते. त्यावर खडूची पूड घासायची, ते दोन टोकांना ताणून धरायचे आणि मधोमध चिमटीत ओढून सोडायचे. खडू शाळेचा नव्हता, पैसे देऊन आणलेला होता, हे येथे नमूद करणे आमच्या पदास अनुसरून आवश्यक आहे. तो निळा घेतला; पांढरा मोतियावर दिसत नाही आणि गेरू नव्या रंगातूनही फुटून वर येतो. दादांनी वरचे टोक धरले, आम्ही खालचे. हे सूत एकट्या माणसाला धरता येत नाही. चिरंजीव कन्येने मध्ये उभे राहून ते छेडले आणि फट्कन एक बारीक निळी रेषा दहा फूट भिंतीवर उभी राहिली. वाटणीच्या कागदावर लिहिलेली रेषा आम्ही दोघांनी प्रथम त्या दिवशी पाहिली.

दुसऱ्या दिवशी उस्ताद आले. आमचा पराक्रम पाहून त्यांनी नुसता सुस्कारा टाकला आणि नखाने भिंत खरवडून दाखवली. दादांचा रंग जुन्या चुन्यावरच बसवलेला होता. चुन्याची भुकटी होत असते. तिच्यावर रंगाचा पापुद्रा नुसता टेकलेला असतो, धरलेला नसतो. पट्टी पापुद्र्याला धरते आणि पापुद्र्याला धरणारे खाली कोणी नसते. त्यावर उपाय एकच, रेषेच्या दोन्ही अंगांस वीतभर सुटे ते सगळे खरवडणे. मग रेगमाल, ओला फडका, प्रायमर, पुट्टीचा पातळ हात, पुन्हा रेगमाल आणि पुन्हा प्रायमर. त्यानंतर दादांचा आकाशी रंग रेषेलगत तीन बोटे रुंद लावायचा, आणि तो रेषा ओलांडून बोटभर आमच्या बाजूसही येऊ द्यायचा.

"आमच्या बाजूस कशाला?" आम्ही विचारले.

उस्तादांनी सांगितले ते असे. एक दिवस वाळल्यावर पट्टी आकाशीवर, रेषेला लावून चिकटवायची, तिची कड नखाने दाबायची आणि खडूची भुकटी पुसून टाकायची. मग त्या कडेवरून पुन्हा एकदा आकाशी रंगच फिरवायचा. पट्टीखाली काही झिरपायचे असेल तर तेच झिरपते. निळ्यावर निळे, दिसणार कोठून? फट अशी बुजली, की मग आपला मोतिया लावावा. पातळ केलेला नसावा, ब्रश पट्टीवरून आपल्या भिंतीकडे ओढावा, उलट नेऊ नये. दुसरा हात ओला असतानाच पट्टी तिच्याच अंगावर दुमडून सावकाश काढावी. वाळू दिली तर दोन्हीकडचा रंग मिळून एकच पापुद्रा होतो आणि तो फाटतो. थोडक्यात, आपली कड स्वच्छ यावी असे वाटत असेल, तर आधी शेजाऱ्याचा रंग आपल्या हद्दीत येऊ द्यावा लागतो. हे वाक्य उस्तादांचे नाही, आमचे आहे. त्यांनी फक्त "ऐसे ही होता है" एवढे म्हटले.

खरवडण्याचे काम दादांनी आपल्या हाती घेतले. वरून सुरुवात करून ते पत्रा चालवत खाली येत होते. आईच्या डागापाशी त्यांचा हात थांबला. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले.

"इथे राहू दे," ते म्हणाले.

उस्तादांनी समजावून पाहिले. तेवढी जागा खरवडली नाही, तर तेथे पट्टी लावता येणार नाही, लावली तर डागासकट रंग निघून येईल. आणि पट्टीवाचून कड साफ उतरणार नाही. दादांनी ऐकून घेतले आणि डाग सोडून खाली पत्रा चालवू लागले. उस्तादांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "तेवढी आम्ही हाताने मारू."

आमच्या बाजूच्या निम्म्या डागाबद्दल उस्तादांनी स्वतंत्र सूचना दिली. चुना खरवडला तरी तेल आत गिलाव्यात मुरलेले असते. ती जागा धुण्याच्या सोड्याने धुवून काढावी आणि तेवढ्यापुरता तेलाचा प्रायमर द्यावा. नाहीतर पाण्याच्या रंगातून ते पिवळे वर येईल. सोड्याची पुडी त्यांनी आमच्या हातातच दिली.

गुरुवारी सायंकाळी पट्टी काढली. छतापासून जमिनीपर्यंत रेषा अशी निघाली, की जणू कोणी भिंत आखून छापली आहे. दादांचा जुना रंग उन्हाने फिकटला होता आणि नवा ताजा होता, त्यामुळे रेषेलगतची ती तीन बोटे थोडी गडद दिसू लागली. आकाशी लुगड्याला महेश्वरी काठ असावा तशी. वहिनी म्हणाल्या, "ठरवून केलं असतं तर इतकं बरं झालं नसतं." फक्त मधोमध, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, सहा इंच काठ तुटलेला होता आणि तेथे आमच्या हाताने मारलेली कड थरथरली होती. शिंक आली नव्हती. पण हात स्थिर राहिला नाही.

साखरपुडा यथासांग पार पडला. व्याही चौकस आहेत. ओसरीत चहा घेता घेता त्यांची नजर त्या जागेवर गेली. "काम उत्तम आहे, इथे मात्र जरा राहून गेलेलं दिसतं," असे ते म्हणाले. आम्ही उत्तर शोधीत होतो, इतक्यात दादा शेजारून म्हणाले, "राहिलेलं नाही. तिथे समास सोडला आहे." बांधकाम खात्यातील एखादी संज्ञा असावी असे समजून व्याह्यांनी मान डोलावली. आम्ही दादांकडे पाहिले नाही. वडील ज्या पट्टीने आम्हा दोघांच्या वह्या आखून देत ती पट्टी एकच होती, हे त्या क्षणी आठवले.

विजेच्या मीटराचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. परंतु त्यावर आता आम्ही समोरासमोर भांडतो. मुलांचा वेळ वाचतो.

फाल्गुनात रंगपंचमी झाली. त्या दिवशी इंदुरात गेर निघते आणि राजवाड्याच्या परिसरात रंगाला कड म्हणून उरत नाही. नखशिखांत रंगून आलेल्या दोन्ही घरच्या मुलांनी भिंतीला स्पर्श करू नये म्हणून आम्ही आणि दादा दोघेही ओसरीत पहारा देत बसलो होतो. भिंत वाचली.

चैत्रात ऊन वाढले, आणि एके सकाळी आमच्या मोतिया रंगातून एक फिकट पिवळे अर्धवर्तुळ वर आलेले दिसले. पलीकडच्या अर्ध्याशी ते बरोबर जुळले होते. हिशेबाची बाकी न्यायला उस्ताद आले तेव्हा त्यांनी ते पाहिले आणि विचारले, "सोडा लगाया था?"

"विसरलो," आम्ही म्हणालो.

पुडी अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे. उस्तादांनी आमच्याकडे क्षणभर पाहिले. या घराच्या भिंती ते वडिलांच्या वेळेपासून ओळखतात. पाव लिटर तेलाच्या प्रायमरचे काम आहे, केव्हाही सांगा, असे ते म्हणाले. दिवाळीनंतर बघू, असे आम्ही सांगितले. कोणत्या दिवाळीनंतर, ते त्यांनी विचारले नाही.